आधी भिंत, मग चित्र: मुंबईत पायी फिरून भित्तिचित्रं कशी शोधावीत

माझ्यासोबत वांद्र्याला भित्तिचित्रं बघायला आलेल्या बहुतेकांची पहिली फेरी वाया गेलेली असते, आणि ती सगळ्यांची एकाच पद्धतीने वाया जाते. दुपारी साडेबाराला वांद्रे स्टेशनला उतरायचं. मोबाइलवर कुठून तरी मिळालेली 'बघायलाच हवीत अशी दहा चित्रं' छापाची यादी उघडायची. रिक्षा करून पहिल्या ठिकाणी पोचायचं, तर तिथे चित्राच्या जागी ताजा क्रीम डिस्टेंपर. दुसऱ्या ठिकाणी चित्र असतं, पण त्याच्यासमोर टेम्पो उभा. तिसऱ्या इमारतीला हिरवी जाळी आणि परांची. मग 'आता काही उरलं नाही मुंबईत' असं म्हणत कॅफेत जाऊन बसायचं. गंमत म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या ठिकाणाच्या मधल्या रस्त्यावर बघण्यासारख्या दहा-बारा गोष्टी होत्या. रिक्षातून त्या दिसल्या नाहीत, एवढंच.

यादी घेऊन चित्र गाठता येतं, शोधता येत नाही. शोधायचं असेल तर कुठल्या भिंतीवर कुणीतरी चित्र काढलं असेल, हे आधी ओळखता यायला हवं. खाली दिलेला क्रम त्यासाठीच आहे. उदाहरणाला वांद्रे पश्चिमेचं रणवार आणि चॅपल रोड, तिथून रेक्लमेशन, आणि दुसऱ्या दिवसासाठी माहीम ते दादर हा पट्टा घेतला आहे. पद्धत मात्र पुण्याच्या कसबा पेठेत किंवा दिल्लीच्या लोधी कॉलनीतही चालते.

## टप्पा १: घर सोडण्याआधी नकाशावर भिंती शोधा

नकाशा उघडा, पण पिना टाकू नका. आधी पुढच्या चार प्रकारच्या जागा हुडकून ठेवा.

पहिली म्हणजे जुनी गावठाणं. मुंबईत रस्ते सरळ जाता जाता एकदम वाकडेतिकडे, केसासारखे बारीक होतात, तिथे बहुतेक वेळा गावठाण असतं. रणवार हे असंच ईस्ट इंडियन लोकांचं, म्हणजे मुंबईच्या मूळ मराठीभाषक कॅथलिक ख्रिश्चनांचं, जुनं गाव. वारोडा रोड, व्हेरोनिका स्ट्रीट आणि चॅपल रोड या त्याच्या आसपासच्या गल्ल्या. घरं बुटकी, भिंती रस्त्याला चिकटलेल्या आणि मालक एकच. सोसायटीच्या सभेत ठराव करावा लागत नाही, घरमालक 'हो' म्हणाला की चित्र होतं. गावठाणात चित्रं दाटीने सापडतात, त्याचं हे साधं कारण.

दुसरी, लांबलचक सरकारी किंवा रेल्वेची कुंपणभिंत. तिसरी, इमारतीची खिडक्या नसलेली उभी बाजू. शेजारची इमारत पाडली गेली किंवा मध्ये रस्ता आला की अशी कोरी बाजू उघडी पडते. चौथी, पुलाखालचे खांब आणि भुयारी मार्ग.

मग रस्त्याची छायाचित्रं दाखवणारी सोय उघडा. गूगल स्ट्रीट व्ह्यू भारतात २०२२ पासून मिळतं, मुंबई पहिल्या शहरांमध्येच होती. त्यात गल्लीतून एकदा बोट फिरवून या. इथे सगळ्यात मोठी फसगत होते: कोपऱ्यात छायाचित्राचा महिना आणि वर्ष दिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वीचा फोटो म्हणजे भित्तिचित्राच्या हिशेबात जुना जमाना. ठिकाणाच्या नावाने समाजमाध्यमांवर शोधून गेल्या महिन्याभरातले फोटो बघा. त्यात भिंत दिसली तर ठीक, नाही तर तिच्यासाठी म्हणून वाट वाकडी करू नका.

तपासा: तुमच्या कागदावर चित्रांची नावं कमी आणि गल्ल्यांची नावं जास्त आहेत ना? उलटं असेल तर हा टप्पा पुन्हा करा.

## टप्पा २: महिना आणि तास ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात जाऊच नये असं नाही, पण जूनपासून घरांवर निळ्या ताडपत्र्या चढतात आणि निम्म्या भिंती त्यांच्यामागे जातात. ओल वर चढते, शेवाळं धरतं, रंगाचे पोपडे सुटतात. पावसानंतर लगेच जाणंही घाईचं होतं, कारण दिवाळीआधी घरं रंगवली जातात आणि जुनी चित्रं सगळ्यात जास्त याच दिवसांत पुसली जातात. म्हणून ऑक्टोबरात काढलेल्या फोटोवर विसंबून डिसेंबरात निघालात तर मघाचा क्रीम डिस्टेंपर तुमच्या नशिबी. आणखी एक कारण कायमचं असतं. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. तपासणीनंतर दुरुस्ती निघते, गिलावा खरवडला जातो, आणि त्यावरचं चित्र कितीही नावाजलेलं असो, मलब्यात जातं.

आता तासाचं. सकाळी सातला गल्लीच्या तोंडाशी उभं असायचं. साडेनऊनंतर मालाच्या गाड्या येतात, दुकानांची शटर वर जातात. शटरवरची चित्रं बघायची असतील तर दुकान उघडण्याआधीच यायला हवं, हे सांगूनही लोक अकराला येतात आणि 'शटरवर काही नव्हतं' म्हणतात. शटर वर गुंडाळलेलं होतं, दिसणार कुठून!

उजेडाचा हिशेब सोपा आहे. पूर्वेकडे तोंड केलेल्या भिंतीवर सकाळी ऊन असतं, पश्चिमेकडच्या भिंतीवर दुपारनंतर. चित्र बघायला आणि टिपायला थेट उन्हापेक्षा सावली बरी, म्हणून सकाळी पश्चिमाभिमुख भिंती आधी घ्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे उत्तरेकडे तोंड केलेल्या भिंतींवर दिवसभर सारखा उजेड राहतो. त्या कधीही बघा. बारा ते दोन मात्र अरुंद गल्लीत जाऊ नका. छपराची सावली भिंतीवर तिरकी पडते, चित्राचा वरचा भाग काळा आणि खालचा पांढराफटक होतो.

सावधान: रविवारी रहदारी कमी असते हे खरं, पण वांद्र्यात रविवारी सकाळी चर्चला जाणाऱ्यांची गर्दी असते आणि गल्ल्यांत गाड्या लागतात. शनिवार सकाळ बरी.

## टप्पा ३: सामान, आणि काय घरी ठेवायचं

पाण्याची बाटली, टोपी, चार्जर बँक, छोटी वही, पेन्सिल. वही कशाला, मोबाइल आहे की, असं म्हणणाऱ्यांनी परत आल्यावर दीडशे फोटोंपैकी कुठला कोणत्या गल्लीतला ते मला सांगावं. लहानशी दुर्बीण असेल तर जरूर घ्या, उंच भिंतीच्या कोपऱ्यातली सही तिच्याशिवाय वाचता येत नाही. चपला नकोत, बूट हवेत. नजर भिंतीवर असते तेव्हा पाय गटाराच्या झाकणावर असतो.

मोठा कॅमेरा, ट्रायपॉड, लांब भिंग घरी ठेवा. हे गियर बाहेर काढलं की वॉचमन उठतो, शूटिंगची परवानगी विचारतो आणि त्याच्या जागी तो बरोबर असतो. मोबाइलमधला रुंद कोनाचा कॅमेरा गल्लीला पुरतो. तिघांहून जास्त माणसं एका गटात नेऊ नका. सहा माणसं गल्लीत थांबली की गल्ली बंद होते.

## टप्पा ४: चालण्याचा क्रम ठरवा आणि पाळा

वांद्र्यासाठी मी वापरतो तो क्रम असा.

१. वांद्रे स्टेशनहून पश्चिमेला बाहेर पडून हिल रोडने पायी. वीसेक मिनिटं लागतात. या टप्प्यात काही शोधायचं नाही, डोळे नुसते सरावू द्यायचे.

२. हिल रोडवरून रणवारच्या गल्ल्यांत शिरायचं. वारोडा रोड, व्हेरोनिका स्ट्रीट आणि त्यांना जोडणारे बोळ. प्रत्येक गल्ली एकदा जाताना आणि एकदा येताना.

३. मग चॅपल रोडने दक्षिणेकडे, माउंट कार्मेल चर्चच्या दिशेने.

४. शेवटी रेक्लमेशन, एमटीएनएलच्या इमारतीपाशी.

एवढ्याला अडीच ते तीन तास द्या. हाच क्रम उलटा केला तर बिघडतो. रेक्लमेशनला मोठा रस्ता, मोठी इमारत, मोठं चित्र. ते आधी पाहिलं की नजर मोठ्यालाच शोधत राहते आणि रणवारमधलं जिन्याखालचं हातभर चित्र दिसेनासं होतं. लहानाकडून मोठ्याकडे जायचं, हा नियम कुठल्याही शहरात पाळा.

क्रमांक २ मधलं 'जाताना आणि येताना' लोक सर्रास गाळतात. चालताना आपल्याला समोरून येणाऱ्या भिंती दिसतात, आपल्याकडे पाठ केलेल्या दिसत नाहीत. गल्लीच्या वळणावर, घराच्या मागच्या कोपऱ्यावर काढलेली चित्रं फक्त परतताना सापडतात. मी चॅपल रोडवरून कित्येकदा एकाच दिशेने गेलो होतो. एकदा छत्री विसरली म्हणून उलट फिरलो, तेव्हा रोजच्या वळणावरच्या घराच्या पाठीवर एक पूर्ण चेहरा होता.

तपासा: अर्ध्या तासात किती अंतर कापलं? एक किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर तुम्ही फिरायला आला आहात, शोधायला नाही. वेग कमी करा.

## टप्पा ५: गल्लीत नजर कशी फिरवायची

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. बहुतेक जण डोळ्याच्या उंचीवरच बघत चालतात. गल्लीच्या तोंडाशी थांबा आणि तीन फेऱ्यांत बघा.

पहिली फेरी खाली: पायऱ्यांच्या उभ्या बाजू, ओट्यांच्या कडा, गटाराशेजारची वीतभर पट्टी, वीजपेट्या. स्टेन्सिलने, म्हणजे कापलेल्या साच्यावरून रंग मारून काढलेली लहान चित्रं इथे असतात. दुसरी फेरी डोळ्यांच्या उंचीवर: दारं, शटर, कुंपणभिंती. तिसरी फेरी वर: पहिल्या मजल्यावरचा खिडकीशेजारचा गिलावा, पाण्याची टाकी, शेजारच्या इमारतीची कोरी बाजू. तिसऱ्या फेरीसाठी थांबायचं. वर बघत चालायचं नाही, मुंबईत तर नाहीच नाही.

मग भिंतच वाचायची. दोन रंगांच्या जोडाशी बघा. पांढऱ्या चुन्याच्या पोपड्याखालून निळा किंवा लाल डोकावत असेल तर खाली जुनं चित्र आहे. भिंतीचा एखादाच चौकोन बाकीच्यापेक्षा गुळगुळीत असेल तर तिथे कुणीतरी प्रायमर मारलेला आहे. चित्राला कापत जाणारा नवा पाइप किंवा वातानुकूलन यंत्राचा खोका दिसला तर चित्र आधीचं आणि पाइप नंतरचा. उलट, पाइपाला वळसा घालून किंवा त्याचा उपयोग करून चित्र काढलं असेल तर पाइप आधीचा. काळ ठरवायला एवढंही बरंच पुरतं.

दिसणाऱ्या प्रत्येक रंगवलेल्या भिंतीला भित्तिचित्र म्हणत बसू नका. भिंतीवरची रंगवलेली जाहिरात, पक्षाची घोषणा, शाळेच्या कुंपणावरचे अंक आणि फळं, स्वच्छतेच्या मोहिमेतली झाडू आणि कचराकुंडी, पुलाखालची एकसारखी वारली माणसं (वारली बायकांनी लग्नाच्या चौकासाठी सांभाळलेल्या कलेला आपण उड्डाणपुलांचा वॉलपेपर करून टाकलं, हे माझं जुनं दुखणं) या सगळ्यांची वेगळी नोंद ठेवा. त्यांना हलकं समजू नका, हाताने रंगवलेल्या जुन्या दुकानपाट्यांतली अक्षरं कित्येक चित्रांहून सरस असतात. पण एका डब्यात घातलं की नंतर काही सापडत नाही.

आणि जिन्याच्या कोपऱ्यात, कुंपणाच्या पायथ्याशी लावलेल्या देवांच्या फरशा? त्या लोकांनी थुंकू नये म्हणून लावलेल्या असतात. मी त्यांचेही फोटो काढतो. तुम्ही ठरवा.

सावधान: रणवार परिसरात भिंतींजवळ जुने क्रूस आहेत, फुलं वाहिलेले, मेणबत्त्या लावलेले. तिथे लोक थांबून प्रार्थना करतात. त्यांच्या चौथऱ्यावर पाय ठेवून समोरच्या चित्राचा फोटो काढणारे महाभाग मी पाहिलेत.

## टप्पा ६: विचारा, पण क्रमाने

चित्राबद्दल सगळ्यात जास्त माहिती त्या भिंतीसमोर रोज बसणाऱ्याला असते. पण गेल्या गेल्या 'हे कुणी काढलं?' विचारलं की 'माहीत नाही' हेच उत्तर मिळतं. समोरच्याला वाटतं तुम्ही महापालिकेकडून आलात.

आधी नमस्कार. मग घराबद्दल, गल्लीबद्दल काहीतरी. मग 'काका, चित्र काढत होते तेव्हा तुम्ही इथेच होतात का?' आठवणीचा प्रश्न विचारला की माणूस खुलतो. चार दिवस लागले, पाऊस आला, रंग आमच्या ओट्यावर सांडला, पोरगं परदेशी होतं, आमच्याकडे चहा प्यायला. यातूनच काळ, हात आणि पद्धत कळते. शेवटचा प्रश्न ठरलेला: 'अजून कुठे आहे असं?' यादीत नसलेली निम्मी चित्रं मला या एका प्रश्नाने मिळाली आहेत.

गावठाणातली बरीच ज्येष्ठ मंडळी घरात ईस्ट इंडियन मराठी बोलतात. तुम्ही इंग्रजीत सुरुवात केली तर तेही इंग्रजीत दोन वाक्यं बोलून आत जातील. मराठीत बोला, 'आंटी', 'अंकल' म्हणा, तिथे तेच चालतं.

घर राहतं असेल तर भिंतीचा फोटो काढण्याआधी विचारा. कायद्याने लागतं की नाही यात शिरू नका. खिडकी उघडी असते, आत कुणी जेवत असतं. मी एकदा न विचारता काढलेला फोटो नंतर मोठा करून पाहिला, तर खिडकीत एक आजी केस विंचरत बसल्या होत्या. तो पुसला, आणि तेव्हापासून विचारतो.

## टप्पा ७: फोटो पाच, याच क्रमाने

१. गल्लीच्या नावाची पाटी किंवा घर क्रमांक. नेहमी पहिला, म्हणजे पुढचे सगळे फोटो कुठले ते कळतं.

२. भिंत आणि आजूबाजूचा रस्ता, दुरून. चित्र लहान आलं तरी चालेल.

३. पूर्ण चित्र, शक्य तितकं समोरून. गल्ली अरुंद असेल तर तिरकं घेऊ नका, दोन-तीन तुकड्यांत समोरूनच घ्या.

४. सही. बहुतेक वेळा खालच्या उजव्या किंवा डाव्या कोपऱ्यात असते. संस्थेचं किंवा महोत्सवाचं नाव असेल तर तेही.

५. एक बारकावा: ब्रशचा फराटा, स्प्रेचा ओघळ, पोपडा.

लोक तिसरा काढतात आणि पुढे जातात. घरी आल्यावर हाती उरते ती गावाचा, वर्षाचा, कलाकाराचा पत्ता नसलेली एक रंगीत आयत.

तपासा: गल्ली सोडण्याआधी सहीचा फोटो मोठा करून वाचून बघा. अंधुक असेल तर आत्ताच परत काढा. पुढच्या वेळी ती भिंत असेलच असं नाही.

## टप्पा ८: मोठ्या भिंतींसाठी वेगळी रीत

रणजित दहिया यांनी २०१२ मध्ये चॅपल रोडवर अनारकली रंगवली. सिनेमातली माणसं शहराच्या भिंतींवर रंगवण्याच्या त्यांच्या बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट या उपक्रमाची ती सुरुवात. जुन्या सिनेमाची हाताने रंगवलेली पोस्टरं जशी असायची तशा ढंगात, घराच्या भिंतीवर. दोन वर्षांनी, २०१४ मध्ये, त्यांनीच रेक्लमेशनच्या एमटीएनएल इमारतीवर दादासाहेब फाळके रंगवले. एकाच हाताची ही दोन कामं एका सकाळीत पाठोपाठ बघणं, हा या मार्गाचा खरा फायदा. घराच्या भिंतीसमोर तुम्ही चार पावलांवर उभे असता. फाळक्यांसमोर चार पावलांवर उभं राहिलात तर फक्त रंगाचे पट्टे दिसतील.

मोठ्या भिंतीसाठी ढोबळ माप लक्षात ठेवा: चित्र जितकं उंच, त्याच्या निदान दीडपट मागे जा. मागे जायला जागा नसेल तर बाजूला जा, समोरच्या पदपथावर, पादचारी पुलावर. आधी दुरून पूर्ण, मग अर्ध्या अंतरावर, मग पायथ्याशी. पायथ्याशी गेल्यावर दुर्बिणीने कडा बघा. एवढं मोठं चित्र बहुधा चौकटी आखून, तुकड्यातुकड्याने मोठं केलं जातं, आणि जोड कुठे तरी राहून जातो.

माहीम पूर्वेला स्टार्ट इंडिया फाउंडेशनने इमारतींच्या उभ्या बाजूंवर मोठी चित्रं करून घेतली आहेत. तिथे रस्त्यावर उतरण्याआधी स्टेशनच्या पुलावरून चहूकडे एक नजर टाका. कुठल्या दिशेला काय आहे ते खालून शोधत बसण्यापेक्षा वरून दोन मिनिटांत कळतं. चर्चगेट स्टेशनच्या इमारतीवर ब्राझीलच्या एदुआर्दो कोब्रा यांनी केलेला गांधींचा चेहरा आहे, त्यासाठी स्टेशनातून बाहेर पडल्यावर लगेच मान वर करू नका, रस्ता ओलांडून मागे जा आणि मग वळा. रेल्वेच्या हद्दीत आत कॅमेरा काढायचा तर आधी विचारलेलं बरं.

लांब भिंतीची गोष्ट आणखी वेगळी. माहीम ते दादर, पश्चिम रेल्वेच्या रुळांना लागून जाणाऱ्या सेनापती बापट मार्गाची भिंत (जुने लोक अजून तुळशी पाइप रोडच म्हणतात) २००९ मध्ये शेकडो लोकांनी मिळून रंगवली. व्यावसायिक चित्रकारांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत. त्यामुळे तिथे एका चित्राचा दर्जा दुसऱ्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही, आणि त्यानंतर त्या भिंतीवर रंगांचे नवे थर चढत राहिले, काही झाकलं गेलं. तिथे जाताना:

- वांद्र्याहून लोकलने या, रिक्षाने नाही. रिक्षाला वांद्र्याच्या पुढे शहरात परवानगीच नाही.
- माहीमला पश्चिमेला उतरून दादरकडे चाला. मध्ये माटुंगा रोड लागतं, थकलात तर तिथून लोकल पकडता येते.
- भिंत रुळांच्या बाजूला, म्हणजे तोंड पश्चिमेला. सकाळी ती सावलीत असते. दुपारनंतर थेट ऊन.
- भिंतीला लागून चालू नका. समोरच्या पदपथावरून चाला, हवं ते दिसलं की ओलांडा. वाहनं वेगात असतात, मधूनच ओलांडू नका, सिग्नल गाठा.
- दादरच्या टोकाला सकाळी फुलबाजाराची गर्दी असते. त्या भागात चित्राचा नाद सोडा, झेंडूच्या पाट्या डोक्यावर घेऊन येणाऱ्यांना वाट द्या.

ससून डॉकचं नाव बऱ्याच याद्यांत असतं. २०१७ च्या अखेरीस तिथे कलाप्रकल्प झाला होता म्हणून. पण ती चालती गोदी आहे, बंदराच्या अखत्यारीतली. मासे उतरवताना कोळणींच्या वाटेत उभं राहून फोटो काढणं हा पाहुण्याचा उद्योग नव्हे. फोटोची परवानगी आधी विचारा. नाही म्हणाले तर बाहेरच्या भिंती बघून परत फिरा.

## टप्पा ९: त्याच संध्याकाळी नोंद

दुसऱ्या दिवशी नाही, त्याच संध्याकाळी. प्रत्येक चित्रासाठी एक ओळ पुरते: तारीख, गल्ली, भिंतीचं तोंड कुठल्या दिशेला, सही किंवा 'सही नाही', अवस्था (चांगली, पोपडे, अर्धी झाकलेली), कुणी काय सांगितलं. सही वाचता आली नाही तर तीच अक्षरं जशीच्या तशी उतरवून ठेवा, अंदाजाने नाव लावू नका. एकदा चुकीचं नाव समाजमाध्यमावर पडलं की पुढचे दहा जण तेच उचलतात आणि खऱ्या चित्रकाराला आपल्याच भिंतीवर हक्क सांगत फिरावं लागतं.

फोटो पुढे कसे वापरायचे, यात दोन गोष्टी गोंधळतात. सार्वजनिक जागी असलेलं काहीही मोकळं, हा समज चुकीचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सार्वजनिक ठिकाणी कायम असलेल्या शिल्पाची आणि कलाकुसरीच्या कामाची छायाचित्रं काढून प्रसिद्ध करायला जी सूट आहे, तिच्यात रंगचित्राचा उल्लेख नाही. मुंबईतल्या एका भित्तिचित्राचा जाहिरातीत वापर झाल्याचं प्रकरण २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि ती जाहिरात उतरवायला सांगितलं गेलं. स्वतःच्या आठवणीसाठी फोटो काढा, मित्रांना चित्रकाराच्या नावासकट दाखवा. टी-शर्ट, कॅलेंडर, जाहिरात यांवर छापायचं असेल तर चित्रकाराला लिहून विचारा.

दुसरी गोष्ट, बघून हुरूप आला म्हणून स्वतः ब्रश उचलू नका. महाराष्ट्रात १९९५ पासून मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्ध कायदा आहे. परवानगीशिवाय भिंतीवर काहीही लिहिणं, रंगवणं त्याखाली येतं. चित्र कितीही सुंदर असलं तरी.

सावधान: राहत्या घराच्या भिंतीचा नेमका ठावठिकाणा जाहीर टाकण्याआधी घरच्यांना विचारा. गल्लीचं नाव पुरतं. रविवारी दारात पन्नास अनोळखी माणसं नको असतात कुणाला.

## दुसरी फेरी

वर्षभराने, शक्य तर त्याच महिन्यात, त्याच तासाला त्याच गल्ल्यांतून परत जा. जुने फोटो मोबाइलवर उघडे ठेवा आणि प्रत्येक भिंतीसमोर पूर्वी उभे होतात तिथेच उभे राहून दुसरा फोटो काढा. यासाठीच टप्पा ७ मधला दुरून काढलेला दुसरा फोटो लागतो, त्यातल्या खिडकीवरून आणि खांबावरून जागा जुळवता येते. चित्र गेलं असेल तर कोऱ्या भिंतीचाही काढा आणि वहीत त्या ओळीपुढे तारीख घाला. मग तिथेच बसलेल्या काकांना विचारा, कधी पुसलं. बहुतेक वेळा उत्तर येतं, 'दिवाळीच्या आधी.'